जाड काचेची बाटली

७ फेब्रुवारी

चि. भुंगा हिस,

आशीर्वाद. मोठ्या भावाचा एवढा एक अधिकार तू अजून शाबूत ठेवला असशील असं गृहीत धरतो. नसेल, तर तेवढा शब्द खोड आणि पुढे वाच.

काम करताना गुणगुणायची तुझी सवय, म्हणून घरात तुझं नाव भुंगा पडलं. तू गेल्यापासून आमच्या टाक्यांच्या दालनात फक्त पंप गुणगुणतात. बेसूर आहेत, पण माझ्याशी बोलतात तरी.

तू कारखाना सोडलास त्याला दोन वर्षं होत आली. न गाळलेली बिअर काढू द्या म्हणून तू साहेबांच्या मागे लागलीस, त्यांनी तुला दार दाखवलं, आणि "माफी माग आणि परत ये" असं मी म्हटल्यावर तू माझ्याशीही बोलणं टाकलंस. त्या वादाला आज हात लावत नाही. पत्राचं कारण तुझी बिअर. काल ती आमच्या बैठकीला हजर होती.

टेबलाच्या मधोमध ठेवली होती. जाड काचेची, पोट सुटलेली बाटली, आत पिवळसर गढूळ ऐवज. आमचा विक्रीप्रमुख तुला आठवत असेलच, ज्याला सगळे ढोल म्हणतात, कारण त्याला फोनवर बोलायला फोन लागत नाही. त्याने बाटली उजेडात धरली. "ही बिअर आहे का फरशी पुसून पिळलेलं पाणी?" सगळे हसले. मीही हसलो. बैठकीत हसणं पगारात धरलेलं असतं.

मग साहेब म्हणाले, "चव घ्या." काळे पेले आले. आपली जुनी रीत. रंग दिसता कामा नये, निवाडा जिभेने करायचा. एका पेल्यात आमची, एकात तुझी, बाकीच्यांत किरकोळ मंडळी. ज्याला जो पेला आवडला त्याचा आकडा त्याने चिठ्ठीवर लिहिला. साहेबांनी चिठ्ठ्या उघडल्या, वाचल्या, पुन्हा घड्या घालून खिशात टाकल्या.

"आज चव घेतलीच नाही असं समजा," म्हणाले.

ढोल माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या चिठ्ठीवर कोणता आकडा होता ते मी पाहिलं होतं. माझ्या चिठ्ठीवर कोणता होता ते त्यानेही पाहिलं होतं. बाहेर पडताना आम्ही हवापाण्यावर बोललो.

जुन्या वैद्यकग्रंथांत निवळलेल्या मद्याला 'प्रसन्ना' म्हणतात. आमची हयात प्रसन्ना गाळण्यात गेली. बाजारात विकल्या जाणाऱ्या दर दहा बाटल्यांतल्या सात आमच्या, आणि सातही स्फटिकासारख्या. तू गाळलीच नाहीस, आणि लोक खूश. या विषयावर ग्रंथ मौन पाळतात, म्हणून मीही पाळतो.

संध्याकाळी आईला दाखवायला तुझी एक बाटली घरी आणली. तिच्याकडे आधीच दोन होत्या. "तुझ्याकडे बातमी फार शिळी येते," म्हणाली.

दादा

३ मार्च

चि. भुंगा,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. न पोचलेल्या पत्राबद्दल तू नक्की तक्रार केली असतीस.

भिंतीभिंतींवरची आमची नवी जाहिरात तू पाहिली असशील. 'बिअर प्यायची असते, चावायची नसते.' कुणाची कलाकृती असेल हे तू दुरूनच ओळखलं असशील. आमच्या जाहिरात खात्यात क्रियापदाला शेवटी बसवणारा मी एकटाच उरलो आहे.

परिणाम सांगतो, तेवढाच तुला आनंद. आता लोक दुकानात जाऊन म्हणतात, "ती चावायची द्या हो." ढोल चार दिवस माझ्या खोलीकडे फिरकला नाही. आई म्हणाली, "खप तिचा तू वाढवलास. तिच्याकडे कमिशन माग." मी म्हटलं, ती माझं पत्रसुद्धा उघडत नसेल. "उघडते," आई म्हणाली. कसं माहीत, ते सांगितलं नाही. तुम्हा दोघींचं फोनवर चालतं, हे मला कळत नाही असं मी तिला भासवतो. घरात शांतता राहते.

जाहिरात अंगाशी आल्यावर फ्रीजचं अस्त्र निघालं. दुकानांना आम्ही फुकट फ्रीज देतो आणि त्यात आमच्याच बाटल्या ठेवायच्या असा करार असतो. इतके दिवस तो कुणी पाळत नव्हतं आणि आम्ही विचारत नव्हतो. आता ढोलची माणसं दुकानोदुकानी जाऊन तुझ्या बाटल्या बाहेर काढायला लागली. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानदार बाईंकडे मी स्वतः हजर होतो. दूध आणायला गेलो होतो, असं लिहितो.

"फ्रीज तुमचा आहे," बाई त्या माणसाला म्हणाल्या, "काढा की बाटल्या. फ्रीज पण घेऊन जा. वीज मी भरते, मिरवता तुम्ही."

"बाई, करार आहे."

"करारात माझ्या स्वयंपाकघराचं नाव आहे का? नाही ना? मग उचला त्या आणि आत नेऊन ठेवा. दुधाच्या शेजारी. हळू, पोरीने मेहनतीने केल्यात."

त्याने ठेवल्या. हळू ठेवल्या. मला पाहून बाई म्हणाल्या, "काय हो भाऊ, तुम्ही कुणीकडचे?" मी दुधाचे पैसे दिले.

दादा

२१ मार्च

चि. भुंगा,

आता आम्हीही गढूळ बिअर काढणार. जी काढू दे म्हणून तू दोन वर्षांपूर्वी साहेबांपुढे उभी होतीस, तीच. हे तुला कळवताना मला संकोच वाटतो. साहेबांना ठरवताना वाटला नाही.

गंमत अशी की आम्हाला ती जमेना. आमचा अख्खा कारखाना गाळणीभोवती बांधला आहे. कुठल्याही टाकीतून निघालेला नळ शेवटी गाळणीतच जातो. इथे गढूळ काही टिकतच नाही, माणसं सोडून. मग टाकीमास्तरांनी नितळ बिअरमध्ये गव्हाचं पीठ कालवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळं तळाशी बसलं, वर प्रसन्ना आणि खाली गिलावा. ढोल म्हणाला, "लेबलावर छापू, हलवून प्या." साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "नको म्हणता का?"

शेवटी ठरलं की तू करतेस तसंच करायचं. गाळणीला वळसा घालून नवा नळ टाकायचा आणि यीस्ट जिवंत ठेवून बाटली भरायची. बाटली मात्र आपली नेहमीची, पातळ. आमच्या यंत्राला दुसरी बाटली धरता येत नाही.

तिथे मी बोललो, भुंगा. कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, जिवंत बिअर पातळ बाटलीत चालायची नाही. आतलं यीस्ट गोडवा खात राहतं, वायू सोडत राहतं. बाटली फुटते. माझी बहीण म्हणूनच जाड काच वापरते."

बैठकीत तुझं नाव घेतलं. 'माझी बहीण' असं, सर्वांसमोर. माझाच आवाज मला जरा चढलेला वाटला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "असं का? कधी फुटते?"

"उन्हाळ्यात, साहेब. फ्रीजबाहेर राहिली तर."

"थंडीत?"

"थंडीत सहसा नाही."

"लगेच फुटते?"

"आठवडाभर तग धरते. मग एकेक जाते."

"तुम्हाला बरंच ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं तुम्हाला उगाच शब्दांत बसवून ठेवलं." इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी. माणूस नीट ऐकून घेतो, असं मला वाटलं. आता पातळ बाटलीचा बेत बारगळणार, नवं यंत्र येईपर्यंत वर्ष जाईल, आणि तुला तेवढी मोकळीक मिळेल. कंपनीचं भलं आणि बहिणीचं भलं एकाच वाक्यात साधलं म्हणून मी घरी येताना शीळ घालत होतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, दादा, बेसूर आहे.

दादा

१८ एप्रिल

भुंगा,

आज थोडक्यात लिहितो.

आमची गढूळ बिअर पुढच्या महिन्यात येते आहे. बाटली पातळच. किंमत तुझ्या निम्मी. नाव मी ठेवलं आहे, ते इथे लिहीत नाही. लेबलाचा रंग तुझ्या लेबलाच्या इतका जवळचा आहे की आईने आमची बाटली उचलून "हिची नवी आली वाटतं" म्हटलं.

नवा माल आम्ही नेहमी थंडीच्या तोंडावर आणतो. यंदा ऐन उन्हाळ्यात का, असं मी ढोलला जिन्यात विचारलं. आणखी एक विचारलं. दुकानदारांना गेलेल्या पत्रकात लिहिलंय की हा माल फ्रीजमध्ये ठेवू नये, दाराशी, लोकांना दिसेल असा रचावा. दाराशी ऊन येतं.

ढोल खाली बघत जिना उतरत होता. "तुम्हीच सांगितलंत ना बैठकीत," म्हणाला. "मला काय विचारता?"

मी त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. तो म्हणाला, बरी गेली.

एक ऐक. तुझ्या लेबलावर ठळक अक्षरांत छापून घे, 'जाड काच'. दुसरं काही छापू नकोस, एवढंच छाप. लगेच छाप. का, ते विचारू नकोस. तू विचारणार नाहीस, कारण तू काहीच विचारत नाहीस, आणि आज पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटतं आहे.

दादा

२४ मे

भुंगा,

वर्तमानपत्र तुझ्याकडेही येत असेल. 'गढूळ बिअरच्या बाटल्यांचे स्फोट.' कुणाच्या बाटल्या ते बातमीच्या आत, शेवटच्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत कोण वाचतं?

पहिली फुटली ती नदीपलीकडच्या एका दुकानात. मग रोज कुठे ना कुठे. आपल्या कोपऱ्यावरच्या बाईंनी आमचा माल घ्यायलाच नको होता, पण निम्मी किंमत पाहून त्यांनीही दाराशी रचला. एक बाटली हातात असताना गेली. उजव्या तळव्यात काच शिरली, दोन बोटं अजून वळत नाहीत. मी भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या पोरीच्या बाटल्या इतके दिवस दुधाशेजारी ठेवल्या, कधी काही झालं नाही हो." आणि तरी त्यांनी तुझ्याही बाटल्या परत पाठवल्या होत्या. "गिऱ्हाईक गढूळ म्हटलं की मागे सरतं. मी काय करू?"

आमचा माल आम्ही दोन दिवसांत उचलला. 'जनतेच्या सुरक्षेपेक्षा आम्हास काहीही प्रिय नाही.' 'आम्हास' यावरून लेखक कळतोच. तुझा माल सगळी दुकानं आपण होऊन उचलत आहेत. तुझ्या अंगणात परत आलेल्या बाटल्यांचे ढीग लागलेत, आई सांगत होती.

बैठकीत ढोल नुकसानीचे आकडे वाचत होता. साहेबांनी त्याला अर्ध्यावर थांबवलं. "आपली एक गेली," म्हणाले. "त्यांची एकच होती."

कुणी हसलं नाही. पगारात धरलेलं असूनही.

हे सगळं मी रात्री जेवताना आईला सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "फुटेल म्हणून तू त्यांना आधी सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं."

"आणि त्यांनी ऐकलं नाही?"

"ऐकलं, आई. फार नीट ऐकलं."

तिने ताट बाजूला सारलं. सकाळी पाहतो तर पिशवी भरून दाराशी.

"कुठे निघालीस?"

"तिच्याकडे."

"तिच्याकडे एकच खोली आहे."

"इथे तीन आहेत. माणूस कुठल्या खोलीत आहे ते शोधून दमले."

पिशवी बसपर्यंत मी नेली. तेवढी तिने नेऊ दिली.

तुझं पोस्टकार्ड आज मिळालं. दोन वर्षांत पहिलं. 'दादा, चौकशीला सरकारी निरीक्षक येतील तेव्हा जे खरं ते सांग. आमच्या बाटल्या फुटत नाहीत आणि तुम्हाला हे ठाऊक होतं, एवढंच. ते छापून आलं तर दुकानं पुन्हा माल घेतील.'

अक्षर पूर्वीपेक्षा चांगलं झालं आहे.

दादा

२ जून

भुंगा,

निरीक्षक आले. सज्जन गृहस्थ. चहात साखर नको म्हणाले आणि साखर घातलेला प्यायले. त्यांच्या पिशवीत फुटक्या काचेचे तुकडे होते, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. ते त्यांनी टेबलावर मांडले, तेव्हा कंपनीचं नवं दालन एखाद्या उत्खननासारखं दिसायला लागलं. बसायला खुर्च्या कमी पडल्या, शिपायाने बाहेरून आणल्या. पंखा आवाज करत होता. निरीक्षकांना कानात काही त्रास आहे, ते उजवा कान पुढे करून बसतात.

मी लांबण लावतो आहे. तुला ते कळलं असेल.

ते म्हणाले, "पातळ बाटलीत ही बिअर फुटते, हे माल बाजारात आणण्यापूर्वी तुमच्यापैकी कुणाला माहीत होतं?"

साहेब म्हणाले, "नाही." ढोल म्हणाला, "नाही," तेही हळू. निरीक्षकांनी उजवा कान माझ्याकडे केला. "आणि आपण?"

तुझं पोस्टकार्ड माझ्या कोटाच्या खिशात होतं. पाठ होतं मला. बोलायला वाक्यही तयार होतं, आदल्या संध्याकाळी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. चांगलं होतं.

मी म्हटलं, "काच हा माझा विषय नाही."

निर्दोष वाक्य आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही. निरीक्षकांनी ते लिहून घेतलं, लिहिताना मान हलवली, आणि काचा एकेक करून पिशवीत भरल्या. निष्कर्ष छापून आला आहे: 'गढूळ बिअरच्या प्रकृतीविषयी उद्योगातील अज्ञान.' उद्योगातील. म्हणजे त्यात तूही.

साहेबांनी जाताना खांद्यावर हात ठेवला. तो खांदा मी अजून वापरतो आहे.

कारणं द्यायची झाली तर देता येतील; पेन्शन, वय, आणि या वयात शब्दांचं काम कुठे मिळणार. त्यातलं कुठलंही कारण देत नाही. तुला ती सगळी आधीच माहीत आहेत आणि मला ती पुरेशी वाटली होती, एवढं तुला नव्याने सांगतो.

दादा

१५ सप्टेंबर

भुंगा,

आज साहेबांनी खोलीत बोलावलं. बस म्हणाले. चांगली बातमी असली की ते उभं ठेवतात, म्हणून मी सावरून बसलो.

"मैदान आता मोकळं आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी गढूळ बिअर नीट काढू. जाड बाटली. नवं यंत्र मागवलंय. लोक तोवर विसरतात."

"करणार कोण?" मी विचारलं.

"ज्यांना येते त्या."

ते स्वतः तुझ्याकडे गेले होते. तुझ्या अंगणात, त्या बाटल्यांच्या ढिगांमधून वाट काढत, तासभर. टाक्या रिकाम्या होत्या आणि तुझी माणसं नुसती बसून होती, असं म्हणाले. तू चहा विचारला नाहीस, हेही म्हणाले. त्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

मी म्हटलं, "ती नाही म्हणाली असेल." भुंगा, हे मी अभिमानाने म्हटलं. त्या बैठकीत 'माझी बहीण' म्हटलं होतं, त्याच आवाजात.

"हो म्हणाल्या," साहेब म्हणाले. "तीन अटी आहेत. त्यांच्याकडची सगळी माणसं घ्यायची. बिअर त्या सांगतील तशी होणार, गाळणीशिवाय, त्यात मी पडायचं नाही." मग ते खिडकीकडे बघायला लागले. तिथे बघण्यासारखं काही नाही, समोर आमचीच भिंत आहे. "तिसरी अशी, की तुम्ही या इमारतीत नको."

मी खुर्ची पुढे ओढली.

"तुम्ही काय म्हणालात?"

"पहिल्या दोन अटींवर घासाघीस झाली," ते म्हणाले.

तुझी अट मला मान्य आहे. मान्यता कुणी मागितलेली नाही, हेही मान्य आहे. तू तुझ्या माणसांचा विचार केलास आणि तुझी बिअर जगवलीस. ज्यांनी ती मारली त्यांच्याच टाकीत जगवावी लागली, यात तुझा दोष नाही. माझ्याशी तू भांडली असतीस तर मी उत्तर दिलं असतं. तू अट घातलीस. अटीला उत्तर नसतं. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी जे ऐकून घेतलं नाही ते तू त्यांना एका तासात ऐकायला लावलंस. तुझ्यासमोर ते मुकाट्याने बसले. पुढेही बसतील. त्यांना तुझी गरज आहे, माझी कधीच नव्हती, आणि माणसाने कामावर जावं तर ते असंच.

आज दुपारी खोली रिकामी केली. माझे शब्दकोश घरी नेले, दोन फेऱ्यांत. किल्ली शिपायाकडे दिली आहे. आता इथून पुढे मी तुला लिहिणार नाही. तू रोज त्या इमारतीत जाशील आणि मी तिथे नसेन, यापेक्षा वेगळं कळवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं तिला आधीच माहीत होतं.  मग म्हणाली, "जेवतोस का नीट?"

"जेवतो."

"खोटं बोलू नकोस. इकडे येत जा. पण ती घरी नसताना ये."

"कधी नसते ती?"

"एक तारखेपासून कामावर जायची ना. सकाळी आठला निघेल, सहाला येईल. मध्ये ये."

वेळ लिहून घे म्हणाली. मी म्हटलं, नको, आई. त्या वेळा मला पाठ आहेत. आजपर्यंत त्या माझ्या होत्या.

दादा